एकच सॉफ्टवेअर, अनेक सोसायट्या: डेटा वेगळा राहील याची खात्री कशी द्यायची

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. वागळे इस्टेटमध्ये तुमची छोटी कंपनी आहे. घोडबंदर रोडपासून नेरुळ-खारघरपर्यंतच्या साठएक गृहनिर्माण संस्था तुमचं सॉफ्टवेअर वापरतात. मासिक बिलं, पावत्या, सभासदांची नोंद, गेटवरची ये-जा आणि सूचना फलक असं सगळं त्यात आहे. लारावेल (पीएचपी भाषेत वेबसाइट बांधायचं तयार साधन) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांवर चालतं, डेटाबेस एकच आणि जवळजवळ प्रत्येक टेबलात सोसायटी आयडीचा रकाना. आता नेरुळच्या एका मोठ्या संकुलाच्या कमिटीने विचारलंय की आमचा डेटा बाकीच्यांपासून वेगळा आहे याची खात्री काय. म्हणून तुम्ही विचारताय, प्रत्येक सोसायटीला स्वतंत्र डेटाबेस करून द्यायचा का?

माझं उत्तर: सरसकट तसं करू नका. डेटाबेस एकच ठेवा, पण दोन सोसायट्यांमधली भिंत आज जिथे आहे तिथून हलवा. आज ती तुमच्या प्रोग्रामरच्या स्मरणशक्तीवर उभी आहे. 'या सोसायटीपुरतंच' ही अट एखाद्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसकडे केलेल्या मागणीत, लिहायची राहिली, की सगळ्या साठ सोसायट्यांच्या ओळी समोर येतात. रचना अशी हवी की अट राहिली तर एकही ओळ मिळू नये. पुढचं सगळं या एका बदलासाठी आहे.

सोसायटीचा डेटा म्हणजे फ्लॅट नंबर आणि मेंटेनन्स, असं समजणारे बरेच भेटतात. तुमच्याकडे प्रत्यक्षात काय साठतंय ते बघा. कोणाची किती थकबाकी, नॉमिनी कोण, भाडेकरूंचे आधार आणि पोलीस पडताळणीचे कागद, शेअर सर्टिफिकेटच्या प्रती, नवी मुंबईच्या सोसायट्यांमध्ये सिडकोची हस्तांतरणाची कागदपत्रं, गाड्यांचे नंबर. आणि गेटची नोंद. एकटी राहणारी एखादी बाई रोज किती वाजता बाहेर पडते आणि किती वाजता परत येते, हे तुमच्या डेटाबेसमध्ये लिहिलेलं आहे. थकबाकी बाहेर गेली तर भांडण होईल. ही नोंद भलत्या हातात गेली तर काय होईल याचा विचार करून कामाला बसा.

असा डेटा फुटायला हॅकर लागत नाही. पावतीच्या पानाच्या पत्त्यात शेवटी ४५१२ असतं, कोणीतरी सहज ४५१३ करून बघतो आणि दुसऱ्याच सोसायटीची पावती उघडते. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॉस्प या संस्थेच्या २०२१ च्या यादीत प्रवेश नियंत्रणातल्या त्रुटी पहिल्या क्रमांकावर आल्या, २०१७ मध्ये त्या पाचव्या होत्या. एपीआयसाठीच्या (प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायच्या सोयींसाठीच्या) त्यांच्या वेगळ्या यादीत तर २०१९ आणि २०२३ दोन्ही वेळा पहिला क्रमांक नेमक्या या ४५१३ च्या प्रकाराला आहे. लॉगिन बरोबर, पासवर्ड बरोबर, फक्त 'ही पावती याची आहे का' हे कोडमध्ये कोणीच विचारलेलं नाही.

आता स्वतंत्र डेटाबेसबद्दल. प्रत्येक ग्राहकाला वेगळा डेटाबेस दिला की प्रश्न मिटला, हा समज इतका पक्का बसलाय की त्यावर जरा थांबावं लागेल. वेगळा डेटाबेस असला तरी या विनंतीसाठी कुठल्या डेटाबेसला जोडायचं हे ठरवणारा कोड तुमचाच असतो. तो कोड फसला तर माणूस बिनदिक्कत दुसऱ्याच्या डेटाबेसमध्ये पोहोचतो, आणि तिथे त्याला अडवणारं दुसरं काहीच नसतं. मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये विझ या सुरक्षा कंपनीने दाखवलं की मायक्रोसॉफ्टच्या कॉसमॉस डीबी या डेटाबेस सेवेत एका ग्राहकाला दुसऱ्या ग्राहकांच्या डेटाबेसच्या मुख्य किल्ल्या मिळू शकत होत्या. तिथे प्रत्येकाचं खातं वेगळं, किल्ल्या वेगळ्या होत्या. वाट सापडली ती बाजूने जोडलेल्या ज्युपिटर नोटबुक या कोड लिहून चालवायच्या सोयीतून.

शिवाय साठ डेटाबेस म्हणजे टेबलात एक रकाना वाढवायचा तर साठ वेळा मायग्रेशन, म्हणजे रचना बदलायची स्क्रिप्ट चालवणं. चाळिसाव्याला ते अडकलं की काही ग्राहक नव्या रचनेवर आणि बाकीचे जुन्या, आणि कोड मात्र एकच. पोस्टग्रेसमध्ये एकाच वेळच्या कनेक्शनची मर्यादा मुळात १०० असते. ती वाढवता येते, पण डेटाबेसगणिक उघड्या कनेक्शनचा वेगळा साठा (पूल) धरला की ती फार लवकर भरते. मधला मार्ग म्हणून एकाच डेटाबेसमध्ये सोसायटीगणिक वेगळा स्कीमा (टेबलांचा स्वतंत्र गट) सुचवला जातो. मला तो पसंत नाही. मायग्रेशनची कटकट तेवढीच राहते आणि वेगळेपणा मात्र अर्धवट मिळतो.

तरीही एखाद्या मोठ्या ग्राहकाला वेगळा डेटाबेस देणं योग्य ठरू शकतं. करारातच तशी अट असेल, त्यांचा बॅकअप वेगळा हवा असेल, किंवा त्यांच्या भारामुळे बाकीच्यांची बिलं रखडत असतील तर द्या आणि त्याचे पैसे वेगळे घ्या. पण त्या डेटाबेसमध्येही सोसायटी आयडीचा रकाना आणि पुढचे सगळे नियम तसेच ठेवा. एका कोडला दोन रचना सांभाळायला लावू नका.

आता कामाचं बोलू. पहिला प्रश्न: 'आत्ता कुठली सोसायटी' हे तुमचा प्रोग्राम कशावरून ठरवतो? फॉर्ममधल्या लपवलेल्या रकान्यातून येत असेल तर ते आजच बंद करा, ब्राउझरमधून येणारं काहीही बदलता येतं. बरेच जण लॉगिनच्या वेळी सोसायटी सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या त्या लॉगिनच्या नोंदीत, ठेवतात. वरवर ते ठीक वाटतं, पण तुमच्या क्षेत्रात एक खास माणूस आहे: दहा-बारा सोसायट्यांचे हिशेब बघणारा अकाउंटंट. ठाण्यात आणि नवी मुंबईत अशी मंडळी भरपूर आहेत. तो एका टॅबमध्ये माजिवड्याची सोसायटी उघडतो, दुसऱ्या टॅबमध्ये वाशीची. दुसरा टॅब उघडताच सेशनमधली सोसायटी बदलते. मग तो पहिल्या टॅबवर परत येऊन, समोर माजिवड्याचं नाव दिसत असताना, वीस चेक नोंदवतो आणि पावत्या वाशीच्या खात्यात पडतात. हा घोळ मी एका ठिकाणी प्रत्यक्ष निस्तरताना पाहिला आहे. त्यात कोणी काही चोरलेलं नव्हतं, तरी दोन सोसायट्यांचं ऑडिट अडलं होतं.

म्हणून सोसायटी पानाच्या पत्त्यातच ठेवा, मार्गाचा भाग म्हणून किंवा उपडोमेन (पत्त्याच्या सुरुवातीचं नाव) म्हणून. प्रत्येक विनंतीला सर्व्हरने सभासदत्वाच्या टेबलात बघावं: या माणसाला या सोसायटीत आज प्रवेश आहे का, आणि कुठल्या भूमिकेत. माणूस आणि सोसायटी यांचं नातं वापरकर्त्याच्या टेबलातल्या एका रकान्यात कोंबू नका, त्याला स्वतंत्र टेबल द्या. एकच माणूस एका सोसायटीत खजिनदार, दुसरीत साधा सभासद आणि तिसरीत भाडेकरू असू शकतो. भूमिका टोकनमध्ये (लॉगिननंतर मिळणाऱ्या मुदतीच्या पासात) भरून ठेवली तर कमिटी बदलल्यावरही जुना खजिनदार टोकनची मुदत संपेपर्यंत आत राहतो. निवडणुकीनंतर जुन्या-नव्या कमिटीत धुसफूस असते, त्या वेळी हीच गोष्ट तुमच्यावर शेकते. उपडोमेन वापरत असाल तर कुकी फक्त त्या उपडोमेनपुरती ठेवा, मुख्य डोमेनवर सैल सोडू नका. सूचना फलकावर सेक्रेटरीला एचटीएमएल चिकटवू देत असाल तर ते आधी गाळून घ्या, नाहीतर त्यात लपवलेला कोड वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालतो.

दुसरी पायरी लारावेलची. मॉडेलवर, म्हणजे टेबलाशी बोलणाऱ्या कोडवर, ग्लोबल स्कोप लावला की 'या सोसायटीपुरतंच' ही अट आपोआप लागते, आणि तुम्ही तो लावलाय असं दिसतं. चांगलं आहे, ठेवा. पण त्याची भोकं ओळखून असा. हा स्कोप एलोक्वेंटपुरता, म्हणजे लारावेलच्या मॉडेलच्या पद्धतीपुरता, चालतो. डीबी टेबल म्हणून थेट क्वेरी बिल्डर वापरला, किंवा थकबाकीच्या अहवालासाठी हाताने एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) लिहिलं, की तो लागत नाही. आणि अहवाल हाताने लिहिले जातातच, ती कामाची गरज आहे. सहज नजरेतून सुटणारी जागा म्हणजे व्हॅलिडेशनमधला (फॉर्म तपासणीतला) 'एक्झिस्ट्स' नियम. 'हा सभासद क्रमांक सभासदांच्या टेबलात आहे का' हे तो क्वेरी बिल्डरमधूनच तपासतो, त्यामुळे दुसऱ्या सोसायटीच्या सभासदाचा क्रमांक पाठवला तरी तो 'आहे' म्हणतो. पुढे तो क्रमांक पावतीत जाऊन बसतो. कोड वाचताना इथे सगळं जागच्या जागी आहे असंच वाटतं.

म्हणून खरी भिंत डेटाबेसमध्ये हवी. पोस्टग्रेसमध्ये ९.५ या आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०१६ पासून, रो लेव्हल सिक्युरिटी आहे. टेबलावर एक पॉलिसी लावायची: या ओळीचा सोसायटी आयडी आणि चालू व्यवहारात (ट्रान्झॅक्शन, म्हणजे डेटाबेसला एकत्र दिलेल्या कामांचा संच) ठरवलेला सोसायटी आयडी जुळला तरच ओळ दिसेल, बदलता येईल, घालता येईल. मग क्वेरी एलोक्वेंटने लिहिलेली असो की हाताने, अट लागतेच. मायएसक्यूएलमध्ये ही सोय नाही. तुम्ही पोस्टग्रेसवर आहात हा तुमचा मोठा फायदा आहे, तो वापरा.

पण ही सोय चालू केली म्हणजे लागू झाली असं नाही. इथे सावकाश वाचा.

टेबलाच्या मालकाला पॉलिसी मुळात लागत नाही. तुमच्या एन्व्ह फाइलमध्ये (सेटिंग आणि पासवर्डच्या फाइलमध्ये) बहुधा एकच डेटाबेस वापरकर्ता आहे, त्यानेच मायग्रेशन चालवून टेबलं केली आणि त्याच नावाने अॅप्लिकेशन जोडलं जातं. म्हणजे तो मालक झाला आणि पॉलिसी असून नसल्यासारखी. दोन वापरकर्ते करा. एक मायग्रेशनचा, टेबलांचा मालक. दुसरा अॅप्लिकेशनचा, ज्याला फक्त वाचणं, घालणं, बदलणं आणि पुसणं एवढेच हक्क. शिवाय टेबलावर 'फोर्स' हा पर्यायही लावा, म्हणजे मालकालाही पॉलिसी लागेल. सुपरयूझरला (सगळे हक्क असलेल्याला) आणि पॉलिसी ओलांडण्याचा हक्क दिलेल्या वापरकर्त्याला मात्र ती कशानेही लागत नाही. त्यामुळे प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर चाचण्या सुपरयूझरच्या नावाने चालत असतील तर त्या चाचण्यांवर अजिबात विसंबू नका.

चालू सोसायटी डेटाबेसला कळवायची ती व्यवहारापुरतीच, म्हणजे 'सेट लोकल'ने. साधं 'सेट' वापरलं तर ते कनेक्शन जिवंत असेपर्यंत टिकतं. आज तुमचं पीएचपी प्रत्येक विनंतीला नवं कनेक्शन उघडत असेल तर काही बिघडणार नाही. पण उद्या भार वाढला म्हणून मध्ये पीजीबाउन्सर (कनेक्शन वाटून देणारा प्रोग्राम) बसवलात आणि तो व्यवहारागणिक कनेक्शन वाटू लागला, की एका सोसायटीची खूण लावलेलं कनेक्शन दुसऱ्या सोसायटीच्या हातात जाईल. हा बिघाड गर्दीच्या वेळीच दिसतो आणि पुन्हा घडवून दाखवता येत नाही, म्हणून सुरुवातीपासूनच 'सेट लोकल' ठेवा. ते व्यवहाराच्या बाहेर चालवलं तर पोस्टग्रेस नुसती सूचना देतं आणि काहीच करत नाही. म्हणून व्यवहार सुरू करून सोसायटी ठरवणारं एकच फंक्शन लिहा आणि डेटाबेसकडे जाणारी प्रत्येक वाट त्यातूनच न्या. एसएमएस पाठवणं, पेमेंट गेटवेशी बोलणं असली सावकाश कामं त्या व्यवहाराच्या आत ठेवू नका, ती नंतर करायच्या कामांच्या रांगेत टाका.

एक बारीक गोष्ट. ठरवलेली सोसायटी वाचणाऱ्या 'करंट सेटिंग' फंक्शनला 'नसेल तर चालेल' असं सांगितलं की कधीच न ठरवलेल्या किमतीसाठी नल (किंमतच नाही अशी खूण) मिळतो. नलशी काहीच जुळत नाही, म्हणून एकही ओळ दिसत नाही, आपल्याला तेच हवं. पण त्याच कनेक्शनवर एकदा किंमत ठरवून व्यवहार संपला की पुढच्या वेळी नल मिळत नाही, रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) मिळते, आणि तिचा आकडा करताना क्वेरी एररने पडते. डेटा फुटत नाही, पण गाडं अडतं. पॉलिसीत 'नलइफ' वापरून रिकाम्या स्ट्रिंगचा नल करून घ्या.

व्ह्यू (नाव देऊन साठवलेली क्वेरी) वापरत असाल तर तेही तपासा. व्ह्यू मुळात त्याच्या मालकाच्या हक्काने चालतो. मायग्रेशनच्या वापरकर्त्याने केलेला थकबाकीचा व्ह्यू अॅप्लिकेशनने वाचला तर पॉलिसीही मालकाच्या नावाने बघितली जाते, आणि तो मालक सुपरयूझर असेल तर भिंत उरलीच नाही. २०२२ च्या पोस्टग्रेस १५ पासून 'सिक्युरिटी इन्व्होकर' हा व्ह्यू वाचणाऱ्याच्या हक्काने चालवणारा पर्याय आहे, तो प्रत्येक व्ह्यूवर लावा.

आणि दोन गोष्टी अशा की ज्या पॉलिसी थांबवत नाही: युनिक (तीच किंमत दोनदा येऊ नये हा नियम) आणि फॉरेन की (एका टेबलातून दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे जाणारा दुवा). त्यांची तपासणी पॉलिसी ओलांडून होते. मोबाइल नंबर संपूर्ण टेबलात युनिक ठेवलात, तर कासारवडवलीच्या सेक्रेटरीने नंबर घालताच 'आधीच आहे' असं उत्तर येतं आणि हा माणूस दुसऱ्याही एका सोसायटीत आहे हे त्याला कळतं. युनिक ठेवायचं ते सोसायटी आयडी आणि तो रकाना यांची जोडी मिळून. फॉरेन कीचंही तेच. पावतीच्या टेबलातून सभासदाकडे जाणारी की नुसत्या सभासद आयडीवर ठेवू नका, सोसायटी आयडी आणि सभासद आयडी या जोडीवर ठेवा. त्यासाठी सभासदांच्या टेबलात त्याच जोडीवर युनिक लागेल, एवढंच जादा काम. मग 'एक्झिस्ट्स'च्या भोकातून आलेला परका सभासद पावतीत बसूच शकत नाही, डेटाबेसच ती ओळ नाकारतो. मला एकच बदल करायला मुभा दिली तर मी रो लेव्हल सिक्युरिटीच्याही आधी हा करेन. यात कनेक्शन, व्यवहार, पूल यांचा काही संबंध नाही, एकदा लावला की कायमचा लागतो. इंडेक्समध्येही (डेटाबेसच्या शोधसूचीतही) सोसायटी आयडी पहिला ठेवा, पॉलिसीमुळे वेग कमी होण्याची भीती त्याने बरीचशी जाते.

डेटाबेसबाहेर ही भिंत नसते, आणि तिथे हात आखडता घेऊ नका. रांगेतली कामं करणारा लारावेलचा वर्कर तासन्‌तास जिवंत असतो. आधीच्या कामात ठरवलेली सोसायटी त्याच्या मेमरीत तशीच राहते आणि पुढचं काम तिच्याच नावाने चालतं. प्रत्येक कामाच्या पाकिटात सोसायटी आयडी द्या, कामाच्या सुरुवातीला ठरवा आणि शेवटी पुसा, काम मध्येच पडलं तरी पुसला गेला पाहिजे. कॅशच्या (झटपट मिळावं म्हणून साठवलेल्या प्रतींच्या) प्रत्येक किल्लीला सोसायटी आयडीचा उपसर्ग लावा, तोही एका फंक्शनमधून, हाताने जोडून नाही. पावत्या आणि बिलांच्या पानांवर 'नो स्टोअर'चं हेडर पाठवा, म्हणजे मधला सीडीएन (पानांच्या प्रती वाटणारं सर्व्हरचं जाळं) ती साठवणार नाही. २५ डिसेंबर २०१५ ला स्टीम या गेमच्या दुकानात कॅशची मांडणी चुकली आणि सुमारे ३४,००० लोकांची खाजगी माहिती असलेली पानं इतरांना दिसली असावीत, असं कंपनीने नंतर सांगितलं. मार्च २०२३ मध्ये चॅटजीपीटी काही काळ बंद ठेवावं लागलं. रेडिस या कॅशशी बोलणाऱ्या पायथनच्या लायब्ररीतल्या त्रुटीमुळे रद्द झालेल्या विनंतीचं उत्तर कनेक्शनमध्ये अडकून राहत होतं आणि पुढच्याच्या पदरी पडत होतं. लोकांना परक्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसली. दोन्ही वेळा माहिती निसटली ती साठवून पुन्हा वाटणाऱ्या मधल्या थरातून. यावरून मी एक गोष्ट कटाक्षाने पाळतो: कॅशमधून आलेल्या वस्तूतही सोसायटी आयडी ठेवतो आणि वापरण्याआधी पुन्हा जुळवून बघतो.

फायलींचं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. शेअर सर्टिफिकेटची प्रत स्टोरेजमध्ये उघड्या दुव्यावर असेल, तर दुवा व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फिरला की संपलं. स्टोरेज बंद ठेवा, फाइलची नोंद डेटाबेसमध्ये ठेवा, हक्क तिथे तपासा आणि मग काही मिनिटांत संपणारा सही केलेला दुवा द्या. एक्सेलमध्ये काढलेले अहवालही याच वाटेने.

पैशांची बाजू. पेमेंट गेटवेकडून येणारा वेबहुक (पैसे आल्याचा आपोआप येणारा निरोप) लॉगिनशिवाय येतो. त्याची सही तपासा, आणि सोसायटी कुठली हे त्याच्या मजकुरातल्या टिपणीवरून कधीही ठरवू नका. ऑर्डर तुम्हीच तयार केलेली असते, त्या नोंदीवरून ठरवा. सोसायट्यांच्या गेटवेच्या गुप्त किल्ल्या डेटाबेसमध्ये साध्या मजकुरात असतील तर त्या एन्क्रिप्ट करा.

क्रमांकांऐवजी यूयूआयडी (लांबलचक, अंदाज न बांधता येणारे आयडी) वापरावेत का, असंही तुम्ही विचारलंय. वापरा, ४५१३ करून बघणं त्याने बंद होतं. पण दुवे पुढे पाठवले जातात, स्क्रीनशॉटमध्ये येतात, त्यामुळे यूयूआयडी हे कुलूप समजू नका. परक्या सोसायटीची वस्तू मागितली तर 'परवानगी नाही' असं उत्तर न देता 'सापडली नाही' असं द्या, म्हणजे ती वस्तू अस्तित्वात आहे हेही कळत नाही. रो लेव्हल सिक्युरिटी लावल्यावर हे आपोआपच होतं.

तुमच्या स्वतःच्या माणसांचं काय? सपोर्टचा मुलगा कुठल्याही सोसायटीत शिरू शकतो, ही सोय आज बहुतेक लहान कंपन्यांत असते आणि ग्राहकाला माहीत नसते. ती काढून टाका असं म्हणत नाही, फोनवर सेक्रेटरी अडलेला असतो तेव्हा त्याचं पान बघावंच लागतं. पण प्रवेश मागून, कारण लिहून, ठरावीक वेळेपुरता मिळावा, त्याची नोंद राहावी आणि ती नोंद त्या सोसायटीच्या कमिटीला त्यांच्या पडद्यावर दिसावी. सगळ्या सोसायट्यांची एकत्र आकडेवारी हवी असेल तर त्यासाठी वेगळा डेटाबेस वापरकर्ता करा, फक्त वाचणारा, आणि तो मुख्य अॅप्लिकेशनच्या एन्व्ह फाइलमध्ये कधीही ठेवू नका.

चाचणीची माझी आवडती पद्धत सांगतो. चाचणीच्या डेटाबेसमध्ये दोन सोसायट्या तयार करा, अगदी सारख्या: तेच फ्लॅट नंबर, त्याच रकमा, तीच सभासदांची आडनावं, फक्त दुसऱ्या सोसायटीच्या प्रत्येक मजकुरात एक वेगळा खुणेचा शब्द. मग लारावेलच्या राउटची (तुमच्या सॉफ्टवेअरमधल्या पानांच्या पत्त्यांची) यादीच वाचून प्रत्येक राउटवर पहिल्या सोसायटीच्या अध्यक्षाच्या लॉगिनने दुसऱ्या सोसायटीचे आयडी पाठवा. उत्तरात, डाउनलोड झालेल्या फाइलमध्ये किंवा रांगेतून गेलेल्या मेलमध्ये तो खुणेचा शब्द सापडला की चाचणी नापास. यादी राउटवरून घ्यायची, म्हणजे उद्या कोणी नवा राउट जोडला तरी त्याची चाचणी आपोआप होते. दुसरी एक छोटी चाचणी डेटाबेसच्या कॅटलॉगवर (त्याने ठेवलेल्या टेबलांच्या यादीवर) लावा: सोसायटी आयडी असलेलं पण रो लेव्हल सिक्युरिटी चालू नसलेलं टेबल सापडलं तर नवी आवृत्ती (बिल्ड) अडवा. दोन्ही चाचण्या अॅप्लिकेशनच्याच डेटाबेस वापरकर्त्याने चालवायच्या हे पुन्हा सांगतो.

बॅकअपची एक अडचण कमिटीला आधीच सांगून ठेवा. एकाच डेटाबेसमधून एकाच सोसायटीची कालची स्थिती परत आणायची, तर संपूर्ण बॅकअप बाजूला उभा करून त्या सोसायटीच्या ओळी वेचून आणाव्या लागतात. त्याची स्क्रिप्ट तयार ठेवा आणि अधूनमधून चालवून बघा. सोसायटी सोडून जाताना तिचा सगळा डेटा काढून द्यायला आणि नंतर पुसायलाही हीच स्क्रिप्ट उपयोगी पडते.

कायद्याचं थोडक्यात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीची जबाबदारी मुख्यतः सोसायटीवर येते, तुम्ही तिच्या वतीने माहितीवर प्रक्रिया करणारे. त्यामुळे लेखी करार हवा. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, त्यात नमूद केलेल्या प्रकारची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग (यंत्रणेत काय घडलं याच्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. प्रत्येक लॉगच्या ओळीत सोसायटी आयडी आणि वापरकर्ता नसेल, तर 'नेमकं कोणाचं काय दिसलं' याचं उत्तर सहा तासांतच काय, सहा आठवड्यांतही देता येणार नाही.

नेरुळच्या कमिटीला उत्तर देताना तांत्रिक शब्द टाळा. त्यांना चाचणी दाखवा: त्यांच्यासमोर एका सोसायटीच्या लॉगिनने दुसरीची पावती मागा आणि काय होतं ते त्यांनाच बघू द्या. सपोर्टच्या प्रवेशाची नोंद त्यांच्या पडद्यावर उघडून दाखवा. तरीही वेगळा डेटाबेस हवाच म्हणाले तर द्या, किंमत सांगून.

चालू सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं एकदम करता येणार नाही, म्हणून क्रम सांगतो. आधी दोन सारख्या सोसायट्यांची चाचणी लिहा आणि आज काय काय गळतंय ते बघा. मग जोडीच्या फॉरेन की. त्या लावताना जुन्या डेटात आधीच मिसळलेल्या ओळी सापडल्या तर त्या गुपचूप दुरुस्त करू नका, दोन्ही सोसायट्यांना कळवून करा. त्यानंतर डेटाबेसचे दोन वापरकर्ते आणि व्यवहार सुरू करणारं ते एकच फंक्शन. रो लेव्हल सिक्युरिटी एकेका टेबलावर चढवा. गेटच्या नोंदीपासून सुरुवात करा, कारण ती सगळ्यात नाजूक माहिती आहे आणि तिच्यावर चालणाऱ्या क्वेरी मोजक्याच असतात. बिलं आणि पावत्यांची टेबलं महिन्याच्या मध्यावर घ्या, एक तारखेच्या आसपास हात लावू नका. आणि पॉलिसी चढवल्यानंतरच्या पहिल्या बिलिंगला प्रत्येक सोसायटीची किती बिलं निघाली हा आकडा आदल्या महिन्याशी ताडून बघा. एखाद्या सोसायटीला शून्य आलं तर कुठल्यातरी कामात सोसायटी ठरवायची राहिली आहे. ते काम शोधा, दुरुस्त करा, पण घाईत पॉलिसी काढून टाकू नका.